‘द्या’ की ‘द्याल का?’ : दूरध्वनीवरील इंग्रजी विनंतीविषयी

सुरत शहरात मराठी माणूस आज उपरा राहिलेला नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत नंदुरबार, धुळे व जळगाव या जिल्ह्यांतून आलेली कितीतरी कुटुंबे दोनतीन पिढ्यांपासून नांदत आहेत. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या आगगाडीने आजोबा यंत्रमागावर काम करावयास आले. मुलाने रंगाईच्या किंवा छपाईच्या कारखान्यात नोकरी धरली. आणि आता नात एखाद्या कचेरीत मेजामागे बसून आलेले दूरध्वनी घेते. घरात तिची अहिराणी किंवा मराठी, बाजारात गुजराती, परप्रांतीय शेजाऱ्यांशी हिंदी. या तिन्ही भाषांत ती अडखळत नाही. परंतु मोठे रुग्णालय, बँक, विमा कंपनी, बंगळूर किंवा चेन्नई येथील व्यापारी यांच्याशी बोलण्याची वेळ आली की इंग्रजीवाचून गत्यंतर नसते. आणि तेथे आमच्या मुलामुलींचा पाय घसरतो, तो बहुधा एकाच ठिकाणी.

ते ठिकाण म्हणजे विनंतीचे क्रियापद. काळ चुकला, वचन चुकले, तर ऐकणारा ते पोटात घालतो. परंतु बोलण्यातून उद्धटपणाचा भास झाला, तर तो सहसा क्षमा करीत नाही. आपल्याशी बोलणाऱ्या मुलीचे व्याकरण कच्चे आहे, असे त्याच्या मनात येत नाही. तिला वळण नाही, असेच तो धरून चालतो. वास्तविक ती ज्या घरात वाढली, तेथे वडीलधाऱ्यांस ‘अरे’ म्हणण्याची कोणाची छाती नसते. वळण भरपूर, पण ते इंग्रजीत उतरत नाही, अशी ही अडचण आहे. म्हणून हा विषय आमच्या वाचकांपुढे थोड्या विस्ताराने मांडावा, असे आम्हांस वाटते.

मराठीची अदब कोठे राहते?

आपण मराठीत विनंती करतो, तेव्हा अदब वाक्यात तीन ठिकाणी साठवून ठेवलेली असते. पहिले ठिकाण सर्वनाम : ‘तू’ नव्हे ‘तुम्ही’, आणि त्याहून वर ‘आपण’. दुसरे ठिकाण नाते : दादा, ताई, काका, मावशी, खानदेशात भाऊ, आप्पा, नाना, आणि सुरतेत राहून अंगवळणी पडलेले भाई आणि बेन. तिसरे ठिकाण क्रियापदाचा शेवट : ‘दे’, ‘द्या’, ‘द्यावे’, ‘देता का’, ‘द्याल का’. ‘नाना, जरा साहेबांना फोन द्या’ हे वाक्य आज्ञार्थी आहे खरे, परंतु ‘नाना’, ‘जरा’ आणि ‘द्या’ या तिघांनी मिळून त्याची आज्ञा केव्हाच विरघळवून टाकलेली असते.

आता हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेले, तर काय होते? ‘तू’ आणि ‘तुम्ही’ या दोहोंस इंग्रजीत एकच ‘यू’. नाते तर कचेरीतल्या इंग्रजीत चालतच नाही. क्रियापदाला ‘-आ’ किंवा ‘-आवे’ लावण्याची सोय नाही. ‘गिव्ह’ हे राजालाही ‘गिव्ह’ आणि रंकालाही ‘गिव्ह’. तिन्ही कोठारे रिकामी झाली, आणि हातात उरले ‘गिव्ह द फोन टु मॅनेजर’. मग आपण त्याच्या आधी ‘प्लीज’ लावतो व काम झाले असे समजतो. परंतु ‘प्लीज’ हा आज्ञेवर शिंपडलेला गुलाबपाण्याचा थेंब आहे. त्याने आज्ञा सुगंधी होते, तिची विनंती होत नाही.

यात दूरध्वनीचा आणखी एक जाच आहे. समोरासमोर आपण हात जोडतो, मान लववितो, ओठांवर हसू आणतो. तारेच्या पलीकडे यातले काही पोहोचत नाही. आवाजदेखील पुरता पोहोचत नाही. साध्या दूरध्वनीच्या यंत्रणेतून सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपने एवढ्याच पट्ट्यातला आवाज पलीकडे जातो. त्याहून उंच स्वर वाटेत गळतात. ‘स’ आणि ‘फ’ यांतला भेद त्यामुळे पुसट होतो, आणि ‘कॅन्ट’ यातला शेवटचा ‘ट’ निसटून नकाराचा होकार होऊन बसतो. म्हणून जाणती माणसे दूरध्वनीवर ‘कॅन्ट’ न म्हणता ‘कॅनॉट’ असे सुटे करून बोलतात. जेथे चेहरा दिसत नाही आणि आवाजही अर्धाच जातो, तेथे सारा भार शब्दांवर, आणि त्यातही क्रियापदावर पडतो.

गंमत अशी की, दूरध्वनीचा जन्मच आज्ञार्थाने झाला. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १० मार्च १८७६ रोजी या यंत्रातून जे पहिले समजण्याजोगे वाक्य उच्चारले, त्यात त्याने आपला साहाय्यक वॉटसन यास सरळ ‘इकडे या’ असे फर्माविले होते. ‘प्लीज’ नव्हते, ‘वुड यू’ नव्हते. परंतु वॉटसन त्याचा हाताखालचा माणूस होता आणि शेजारच्या खोलीत होता. आपली गाठ पडते ती अनोळखी, न दिसणाऱ्या आणि आपला काही बांधील नसलेल्या माणसाशी.

काळ लांबविण्याची युक्ती

मग इंग्रजीची अदब असते तरी कोठे? ती साहाय्यक क्रियापदात असते. आणि तिची किल्ली आपल्या घरातच आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

सुरतेतील गुजराती शेजारीण ‘आप’ असे न म्हणता ‘आपजो’ म्हणते, किंवा ‘जरा फोन आपशो?’ असे विचारते. हिंदी बोलणारा ‘दीजिए’च्या पुढे जाऊन ‘दीजिएगा’ म्हणतो. आपण ‘द्याल का?’ म्हणतो. या तिन्ही भाषा एकच गोष्ट करतात : मागणी आत्ताच्या क्षणावरून उचलून थोडी भविष्यकाळात नेऊन ठेवतात. ऐकणाऱ्याच्या अंगावर ती आदळत नाही. त्याला हो किंवा नाही म्हणावयास थोडी जागा राहते.

इंग्रजीही काळ लांबविते, परंतु भविष्याबरोबर भूतकाळाचाही आधार घेते. ‘कॅन’चे भूतकाळी रूप ‘कुड’, ‘विल’चे ‘वुड’. ‘कुड यू’ म्हणताना कालची गोष्ट कोणी विचारीत नसतो. मागणी एक पाऊल मागे ठेवलेली असते, एवढेच. हे चमत्कारिक वाटेल, परंतु आपणही तेच करतो. शेजाऱ्याच्या दारात उभे राहून आपण ‘तुमच्याकडे एक काम आहे’ असे न म्हणता ‘एक काम होते’ असे म्हणतो. ‘विचारायचे आहे’ यापेक्षा ‘जरा विचारायचे होते’ हे आपल्या तोंडी सहज येते. काम तर आजचेच असते, तरी ‘होते’! हा ‘होते’ ज्याला कळला, त्याला ‘कुड’ आणि ‘वुड’ कळले.

शब्दांचा हिशेब

आता एकेका शब्दाचा विचार करू. ‘कॅन’ सामर्थ्य विचारतो : तुम्हांस हे जमेल काय? ओळखीच्या माणसाशी, रोजच्या कामात तो चालतो. ‘कुड’ तेच विचारतो, परंतु ‘होते’च्या मवाळपणाने. अनोळखी कचेरीत ‘कुड यू प्लीज पुट मी थ्रू टु द अकाउंट्स डिपार्टमेंट?’ हे वाक्य कोठेही खटकणार नाही.

‘विल’ सामर्थ्य नव्हे, तयारी विचारतो. परंतु ‘विल यू होल्ड?’ हे जोर देऊन म्हटले, तर ‘थांबणार आहात की नाही?’ असा त्याचा सूर लागतो. मराठीत ‘देणार का?’ आणि ‘द्याल का?’ यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच साधारणपणे ‘विल यू’ आणि ‘वुड यू’ यांत समजावे. म्हणून ‘वुड’ बरा.

‘मे’ परवानगी मागतो, आणि ती स्वतःपुरतीच : ‘मे आय स्पीक टु द डॉक्टर?’ विनंती म्हणून ‘मे यू’ असे कधीही म्हणू नये. दुसऱ्याने काही करावे असे असेल, तर ‘कुड यू’ किंवा ‘वुड यू’ हेच खरे. ‘कॅन आय’ म्हणू नये, ‘मे आय’च म्हणावे, असा जुन्या मास्तरांचा दंडक होता. आज इंग्रजी मायबोली असलेले लोक दोन्ही म्हणतात. तरीही पहिल्याच भेटीत ‘मे आय’ किंवा ‘कुड आय’ यांनी कोणाचे नुकसान झालेले नाही.

‘वुड यू माइंड’ याने पुष्कळांची फसगत होते. येथे ‘माइंड’ म्हणजे हरकत. ‘वुड यू माइंड होल्डिंग?’ म्हणजे ‘थोडे थांबण्यास आपली काही हरकत नाही ना?’ यावर मराठीत आपण ‘नाही, नाही’ म्हणतो व आनंदाने थांबतो. इंग्रजीतही ‘नो, नॉट ॲट ऑल’ हाच होकार होय. येथे घाईने ‘येस, येस’ म्हणणारा माणूस आपली हरकत आहे, असे सांगून मोकळा होतो.

राहिला ‘शॅल’. तो मागत नाही, देऊ करतो : ‘शॅल आय टेक अ मेसेज?’ म्हणजे ‘निरोप लिहून घेऊ का?’ दूरध्वनी घेणाऱ्या मुलीने हे एक वाक्य पाठ केले, तरी साहेब जागेवर नसल्याचा अर्धा राग निवतो.

सख्खी भावंडे वाटणारी क्रियापदे

साहाय्यक क्रियापद बरोबर निवडले, तरी मुख्य क्रियापद दगा देऊ शकते; कारण मराठीच्या एका शब्दाला इंग्रजीत दोनतीन वाटा फुटतात. नेहमी अडविणाऱ्या जोड्या आम्ही येथे देतो.

*सांगणे.* ‘त्यांना मला फोन करायला सांगा’ हे मराठीत पूर्ण सभ्य वाक्य आहे. त्याचे ‘टेल हिम टु कॉल मी’ केले, की साहेबांवर हुकूम सोडल्यासारखे होते. ‘टेल’ येथे फर्मावणे होते, ‘आस्क’ येथे विनविणे होते. ‘कुड यू आस्क हिम टु कॉल मी?’ असे म्हणावे. ‘आस्क’ म्हणजे फक्त प्रश्न विचारणे, अशी शाळेत झालेली समजूत येथे सोडून द्यावी.

*ऐकणे.* आवाज पोहोचत नसेल, तर ‘यू आर नॉट लिसनिंग’ म्हणू नये; तो ‘तुम्ही माझे ऐकतच नाही’ असा आरोप आहे. ‘आय कॅनॉट हिअर यू’ म्हणजे ‘आपला आवाज ऐकू येत नाही’. दोष तारेचा, माणसाचा नव्हे. ‘ऐकणे’ आणि ‘ऐकू येणे’ हा भेद मराठीत आहेच. तो इंग्रजीत नेण्यास विसरू नये.

*थांबणे.* ‘थांबा’चे ‘स्टॉप’ केले, तर बोलणाऱ्याचे तोंड बंद केल्यासारखे होते. नुसते ‘वेट’ म्हटले, तर दारातल्या गड्याला उभे केल्यासारखे. दूरध्वनीपुरते रूढ क्रियापद ‘होल्ड’ हे आहे : ‘कुड यू होल्ड फॉर अ मोमेंट, प्लीज?’

*बोलणे.* ‘टॉक’मध्ये गप्पा आहेत, आणि कधी कधी ‘तुझ्याशी मला बोलायचे आहे’ यातला दरारादेखील आहे. कामाच्या फोनवर ‘स्पीक’ शोभतो.

*हवे असणे.* ‘मला साहेबांशी बोलायचे आहे’ याचे ‘आय वॉन्ट टु स्पीक’ होते, आणि ते हट्टी मुलासारखे ऐकू येते. ‘आय वुड लाइक टु स्पीक’ यात तीच इच्छा आहे, हट्ट नाही.

*ठेवणे.* आपण ‘बरं, ठेवते हं’ असे म्हणून गोड निरोप घेतो. ‘आय ॲम हँगिंग अप’ हे इंग्रजीत भांडणाचे शेवटचे वाक्य आहे. निरोप घेताना क्रियापदच नको : ‘थँक यू, गुडबाय’ एवढे पुरे.

*कोण?* ‘कोण बोलतंय?’ यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. ‘हू आर यू?’ मात्र चौकीवरच्या शिपायाचा प्रश्न होतो. ‘मे आय नो हू इज कॉलिंग?’ असे विचारावे. आणि आपले नाव सांगताना ‘मायसेल्फ अमुक’ असे न म्हणता ‘धिस इज अमुक’ असे म्हणावे.

लाचारी म्हणजे विनय नव्हे

एका टोकाचा दोष सांगितला, तसा दुसऱ्या टोकाचाही सांगितला पाहिजे. काही जण इतके भितात, की ‘प्लीज काइंडली’, ‘आय हंबली रिक्वेस्ट यू’, ‘सॉरी टु डिस्टर्ब यू, सर’ यांची रास घालतात. ही भाषा अर्जांची आहे. कागदावर तिला जागा आहे, बोलण्यात नाही. ‘प्लीज’ आणि ‘काइंडली’ यांपैकी एकच पुरे. ‘कुड यू’ म्हणणारा माणूस गुडघे टेकीत नसतो. तो समोरच्याचे स्वातंत्र्य मानतो आणि स्वतःची मान ताठ ठेवतो. बिल भरलेला ग्राहक, रुग्णाचा मुलगा, नोकरीची चौकशी करणारी मुलगी, हे कोणी भिक्षेकरी नाहीत.

सुरतेच्या माणसाने तर इंग्रजीसमोर दबून जाण्याचे कारणच नाही. या शहराने इंग्रजाला प्रथम पाहिले, ते विनंती करणारा म्हणूनच. १६०८ साली विल्यम हॉकिन्स ‘हेक्टर’ नावाच्या जहाजातून सुरतेस आला. व्यापाराची परवानगी मागण्यासाठी तो पुढे आग्र्यास जहांगीर बादशहाच्या दरबारी गेला. आणि त्याला तुर्की भाषा येत होती, म्हणून बादशहाशी त्यास दुभाष्यावाचून बोलता आले. परक्याच्या दारी त्याला समजेल अशा भाषेत मागावे, हा व्यवहार त्या काळी इंग्रजांनीही पाळला.

आणि सुरतेचे मराठी व्याकरणाशीही जुने नाते आहे. ज्यांना ‘मराठी भाषेचे पाणिनी’ म्हणतात, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर आपले ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाल्यानंतर या शहरातील इंग्रजी शाळेत शिक्षक होते. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी येथेच मानवधर्मसभा काढली. मराठीच्या क्रियापदांचे नियम बांधणारा माणूस सुरतेच्या मुलांना इंग्रजी शिकवीत होता, ही गोष्ट आम्हांस फार बोधक वाटते. स्वतःच्या भाषेचे क्रियापद ज्याला नीट उलगडले, त्याला दुसरीचे उलगडणे अवघड जात नाही.

जेथे विनंतीच नको

मात्र एक प्रसंग असा आहे, की तेथे हे सारे ‘कुड’ आणि ‘वुड’ बाजूस ठेवले पाहिजेत. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबिया देशातून न्यूयॉर्कला निघालेले आव्हियांका कंपनीचे विमान आकाशात घिरट्या घालीत राहिले. इंधन संपत आले होते. वैमानिकांनी तसे नियंत्रकांना कळविले, आम्हांस अग्रक्रम द्या असेही म्हटले. परंतु ‘इमर्जन्सी’ हा एक शब्द त्यांनी उच्चारला नाही. नियंत्रकांस संकटाची तीव्रता कळली नाही. विमान कोसळले, आणि आतील १५८ माणसांपैकी ७३ दगावली. संभाषण बिनतारी यंत्रावरचे असले, तरी धडा दूरध्वनीसही लागू आहे.

घरात कोणी छाती धरून कोसळले आणि १०८ किंवा ११२ क्रमांक फिरविला, तर ‘आय वुड लाइक टु रिक्वेस्ट’ अशी सुरुवात करू नये. तेथे इंग्रजीचीही गरज नाही. गुजराती, हिंदी, जी येईल ती भाषा बोलावी. प्रथम ठिकाण, मग काय झाले ते, मग आपला क्रमांक. आणि वाक्ये साधी, आज्ञार्थी : ‘रुग्णवाहिका पाठवा.’ पलीकडचा माणूस मागेल ती माहिती द्यावी, आणि तो सांगेपर्यंत फोन ठेवू नये. विनय हा समोरच्याला अवकाश देण्यासाठी असतो. जेथे अवकाशच नाही, तेथे स्पष्टपणा हाच विनय.

घरी करण्याजोगे

आमची पालकांस सूचना अशी, की हा अभ्यास पुस्तकावर सोडू नये. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे मुलांना पाठमोरे बसवावे, म्हणजे चेहरा दिसणार नाही. एकाने कचेरी व्हावे, दुसऱ्याने ग्राहक. प्रत्येक वाक्य आधी मराठीत म्हणावे : ‘द्या’, ‘देता का’, ‘द्याल का’, ‘हरकत नाही ना’. यांपैकी कोणते येथे शोभेल, हे मूल चटकन सांगते, कारण ते त्याला आईच्या तोंडून मिळालेले असते. मग त्याच पायरीचे इंग्रजी क्रियापद शोधावे. आठ दिवसांत जीभ वळते.

आणि जे आधीच चांगले इंग्रजी बोलतात, त्यांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. पलीकडून कोणी ‘प्लीज गिव्ह फोन टु मॅनेजर’ असे म्हणाला, तर त्या वाक्यामागे कदाचित ‘नाना, जरा’ हे दोन शब्द आहेत, आणि ते वाटेत गळून पडले आहेत, असे समजावे. त्याला सावकाश, साध्या शब्दांत उत्तर द्यावे; त्याची भाषा आपल्यास येत असेल, तर खुशाल तीत बोलावे. बोलणाऱ्याने क्रियापद नीट निवडावे, हे खरे. परंतु ऐकणाऱ्याने मन थोडे मोठे ठेवले, तर पुष्कळदा क्रियापदाचे उणे आपोआप भरून निघते.